सीमाभागातल्या फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र: वजनाच्या ऑपरेशननंतरची वर्षं तुमच्या दवाखान्यात जाणार आहेत

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी आणि आजूबाजूच्या गावांत दवाखाना चालवणारे सर्व डॉक्टर

सप्रेम नमस्कार.

लठ्ठपणावरचं ऑपरेशन बेळगावात होतं, हुबळीत होतं, कोल्हापूर-पुण्याला होतं, कुणी त्यासाठी बेंगळुरूही गाठतं. तीन-चार दिवसांत पेशंट घरी येतो. त्यानंतरची तीस-चाळीस वर्षं मात्र तो नंदगडला, जांबोटीला, संकेश्वरला, कागवाडला तुमच्याच बाकड्यावर येऊन बसणार असतो. ताप आला, पाठ धरली, चक्कर आली, दिवस राहिले, की पहिली पायरी तुमचीच. म्हणून हे पत्र मंत्र्यांना किंवा मोठ्या हॉस्पिटलांतल्या सर्जनना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

मी आहारतज्ज्ञ आहे. घर खानापूर तालुक्यात, काम बेळगावात. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर माझ्याकडे येणारी माणसं कुणी मराठीत बोलतात, कुणी कानडीत, आणि बरीचशी एकाच वाक्यात दोन्हीत. त्यांच्या फायली चाळून आणि त्यांचं ऐकून एकच गोष्ट तुमच्यापुढं ठेवावीशी वाटते. या ऑपरेशनचं भलंबुरं थिएटरात ठरतं तितकंच तुमच्या टेबलापाशी ठरतं. कुणाला पाठवायचं, कधी पाठवायचं हे तुमच्या हातात असतं, आणि तो परत आल्यावर त्याला काय द्यायचं व काय चुकूनही द्यायचं नाही, हेही तुमच्याच हातात असतं.

आधी पाठवण्याबद्दल.

खानापूरकडची एक बाई, वय अडतीस, उंची १५५ सेंटिमीटर, वजन १०३ किलो. शुगर आहे, गुडघे गेलेत, रात्री घोरताना श्वास अडकतो म्हणून सासू जागी राहते. ती मला म्हणाली, “मी जास्त खातच नाही ओ. भात सोडला, एका भाकरीवर राहिले, पहाटे फाट्यापर्यंत चालत जाऊन येते. आठ-नऊ किलो जातात आणि वर्षात दहा परत येतात. काय करू सांगा की.” एका दवाखान्यात तिचं वजन काट्यावर येईना. काटा १०० लाच थांबणारा. तेव्हा भरल्या बाकड्यांसमोर तिला सांगण्यात आलं, की बाजारातल्या धान्याच्या काट्यावर जाऊन ये. पुढचं वर्षभर ती कुठल्याच डॉक्टरकडे गेली नाही. शुगरची गोळीही त्यातच सुटली.

ती खोटं बोलत नव्हती. वजन उतरलं की शरीर ते परत मिळवायला झटतं. भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं, पोट भरल्याचा निरोप देणारी हार्मोन्स घटतात, आणि शरीर कमी इंधनात भागवायला शिकतं. ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात, जो २०११ साली प्रसिद्ध झाला, वजन उतरवलेल्या लोकांत हे बदल एक वर्षानंतरही तसेच टिकून होते. “कमी खा, चाला” हा सल्ला बरोबरच आहे. दहा किलो जादा असलेल्या माणसाला तो पुरतोही. पन्नास किलो जादा असलेल्या, शुगर-बीपी लागलेल्या बाईला तोच सल्ला दहाव्यांदा देण्यात उपचार राहत नाही.

आणि अशी माणसं थोडी नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कर्नाटकातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ३० टक्के महिला जादा वजनाच्या किंवा लठ्ठ निघाल्या. त्याच्या आधीच्या सर्वेक्षणात हा आकडा २३ टक्क्यांच्या आसपास होता. या सगळ्यांना ऑपरेशन लागत नाही. फार थोड्यांना लागतं. पण ज्यांना लागतं त्यांनाही ते आहे हे कुणी सांगत नाही, ही माझी तक्रार आहे.

कुणाला लागतं? बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, तुम्हाला ठाऊक आहे, पण पेशंटसमोर किलोत सांगितलं तर लवकर कळतं. अमेरिकेत १९९१ साली ठरलेला निकष असा होता: बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार. कितीतरी डॉक्टर अजून तोच धरून चालतात. २०२२ मध्ये या विषयातल्या दोन मोठ्या संघटनांनी, एक अमेरिकेतली आणि एक आंतरराष्ट्रीय, तो बदलला. आता ३५ च्या पुढं सोबत आजार असो वा नसो ऑपरेशन सुचवावं, आणि ३० ते ३५ मध्ये शुगरसारखा आजार असेल तर विचार करावा, असं त्या म्हणतात. आपल्यासारख्या आशियाई माणसांना कमी वजनातच शुगर लागते, चरबी पोटात साठते, म्हणून आपल्यासाठी उंबरठा २७.५ पर्यंत खाली आणला आहे. १५५ सेंटिमीटरच्या बाईचा बीएमआय ३५ होतो ८४ किलोला, ३० होतो ७२ ला आणि २७.५ होतो ६६ ला. ६६ किलोच्या प्रत्येक बाईला थिएटरात न्या असा याचा अर्थ मुळीच नाही. शुगर तीन-तीन औषधांनीही आटोक्यात येत नाही आणि वजन हलत नाही, अशी पेशंट समोर असेल, तर “सर्जनचं मत एकदा घेऊन बघ” एवढं म्हणायला तुम्ही मोकळे आहात, इतकाच तो अर्थ.

जाता जाता एक गोष्ट, जिच्यासाठी ऑपरेशनची गरज नाही. मोठ्या दंडाला साधा बीपीचा पट्टा लावला तर बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. मोठा पट्टा फार महाग नाही. १५० किलोच्या पुढं जाणारा काटा आणि हात नसलेलं एक भक्कम बाकडं, एवढं दवाखान्यात आलं तर ती खानापूरकडची बाई परत येईल.

आता ऑपरेशनं. पेशंट पहिला प्रश्न तुम्हालाच विचारणार, “डॉक्टर, पोट कापतात म्हणे?”

स्लीव्हमध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कायमचा काढतात आणि केळ्याएवढी नळी उरते. आतडी जशीच्या तशी राहतात. घ्रेलिन तयार करणारा बराचसा भाग निघून जातो, म्हणून भूकच मंदावते. आपल्याकडे हे ऑपरेशन खूप होतं, कारण ते सुटसुटीत आहे आणि जीवनसत्त्वांची कमतरता त्यात तुलनेनं कमी होते. पण काढलेलं जठर परत बसवता येत नाही. आणि ज्याला आधीपासून छातीत जळजळ आहे, रात्री आंबट पाणी घशाशी येतं, त्याचा त्रास स्लीव्हनंतर वाढू शकतो. फिनलंडमधल्या एका अभ्यासात दहा वर्षांनी एंडोस्कोपी केली तेव्हा स्लीव्ह झालेल्यांपैकी ३१ टक्के लोकांच्या अन्ननलिकेला सूज होती, बायपास झालेल्यांत ७ टक्के. आपल्या भागात “पित्ताचा त्रास” सांगत नाही असा माणूस सापडणं कठीण. त्यातला साधा अपचनाचा कोण आणि खऱ्या रिफ्लक्सचा कोण, हे वर्षानुवर्षं त्याला ओळखणाऱ्या तुमच्याइतकं कुणाला कळणार? तेवढी एक ओळ चिठ्ठीवर लिहून पाठवलीत तर कुठलं ऑपरेशन निवडायचं याचा अर्धा निकाल लागतो.

बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला अंड्याहूनही लहान अशी पिशवी करतात आणि ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. गावाबाहेरून हायवे काढल्यावर गाड्या बाजारपेठेत शिरत नाहीत, तसं अन्न उरलेल्या जठरात आणि आतड्याच्या पहिल्या भागात जात नाही. मी पेशंटला असंच सांगते आणि त्यांना ते कळतं. शुगर जास्त असेल, रिफ्लक्स असेल, तर सर्जन बहुधा हे निवडतात. मिनी बायपास हा त्याचाच एक जोड कमी असलेला प्रकार, आपल्या देशात बऱ्यापैकी होतो. त्यात पित्त जठराकडे उलटण्याची शक्यता असते आणि पोषणाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. याखेरीज जठराला पट्टा बांधण्याची पद्धत आता मागं पडली आहे. जठरात ठेवायचा फुगा साधारण सहा महिन्यांनी काढावा लागतो आणि काढल्यावर वजन परत येण्याची भीती असते. जाहिरातीत “ऑपरेशनविना” म्हणून जे दाखवतात ते बहुधा हाच फुगा, नाहीतर तोंडावाटे दुर्बीण घालून जठराला आतून घातलेले टाके.

फायदा किती, हे विचारणं पेशंटचा हक्क आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या अभ्यासात ऑपरेशन झालेले सुमारे दोन हजार लोक आणि नेहमीचे उपचार घेणारे तेवढेच लोक यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. वीस वर्षांनी पहिल्या गटाचं वजन सरासरी १८ टक्क्यांनी कमी होतं, दुसऱ्याचं १ टक्का. ऑपरेशनवाले सरासरी तीन वर्षं जास्त जगले, पण सर्वसाधारण लोकांइतकं मात्र नाही. ही दोन्ही वाक्यं पेशंटला सांगायला हवीत. शुगरबद्दल अमेरिकेतला १५० पेशंटचा अभ्यास सांगते: पाच वर्षांनी एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ६ किंवा त्याखाली ठेवता आलेले लोक फक्त औषधांच्या गटात ५ टक्के, स्लीव्हच्या गटात २३ आणि बायपासच्या गटात २९. म्हणजे ऑपरेशननं शुगर सगळ्यांचीच जाते असं नाही, आणि गेलेली परतही येऊ शकते. ज्या जाहिरातीत “शुगरमुक्ती”ची हमी दिलेली असते तिच्यापासून पेशंटला लांब ठेवा.

जिवाची भीती? २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या जवळपास ४,८०० पेशंटच्या अभ्यासात पहिल्या तीस दिवसांत हजारी तीन माणसं दगावली होती. भीती खरी आहे, पण गावात जेवढी सांगितली जाते तेवढी मोठी नाही. अनुभवी टीम निवडणं, तंबाखू आधी सोडणं, श्वासाचा त्रास तपासून घेणं, यानं ती आणखी कमी होते.

पाठवू नये असेही पेशंट असतात. ज्याची दारू सुटलेली नाही, ज्याच्या मानसिक आजारावर उपचार सुरू नाहीत, किंवा जो स्वच्छ सांगतो की मी गोळ्या घेणार नाही आणि तपासायलाही येणार नाही, त्याला घाई करू नका. नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी “बारीक होऊन ये” म्हणून पाठवलेल्या मुली माझ्याकडे येतात. त्यांना एकटीला बसवून, घरच्यांना बाहेर थांबवून विचारल्याशिवाय कुणीही चिठ्ठी लिहू नये, असं मला ठामपणे वाटतं.

आता परत आल्यानंतरचं, ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

आपल्याकडे अशक्तपणा आला की सलाईन लावायची पद्धत आहे, पेशंट स्वतःच मागतो. ऑपरेशन झालेला माणूस आठवडा-दोन आठवडे उलट्या करत तुमच्याकडे आला आणि तुम्ही सरळ डेक्स्ट्रोजची, म्हणजे ग्लुकोजची, बाटली लावली, तर त्याच्या मेंदूला इजा होऊ शकते. शरीरातला थायमिनचा, म्हणजे बी-१ चा साठा काही आठवड्यांत संपतो, आणि थायमिन नसताना ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलंही खर्ची पडतं. डोळ्यांची हालचाल बिघडणं, चालताना तोल जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं ही लक्षणं. आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. हे एक वाक्य दवाखान्यातल्या प्रत्येक नर्सला आणि कंपाउंडरला पाठ असायला हवं. आणि उलट्या थांबत नसतील तर सर्जनला फोन करा, कारण नळी अरुंद झालेली असू शकते.

दुसरी सवय दुखण्याच्या इंजेक्शनची. गुडघा दुखला, कंबर दुखली, डायक्लोफेनॅक. बायपास झालेल्याला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एसिक्लोफेनॅक यांपासून दूरच ठेवायचं. जोडाच्या जागी अल्सर होतो, त्यातून रक्त जातं, कधी भोक पडतं. पॅरासिटामॉल द्या. तंबाखूनंही हेच होतं. निपाणी-चिकोडीकडे शेतात तंबाखू, घरात विडी, आणि कितीतरी बायकांच्या दातांना रोज मिश्री. “तंबाखू खाता का?” विचारलं की त्या नाही म्हणतात, आणि त्यांच्या दृष्टीनं ते खरंच असतं. “मिश्री लावता का?” असं वेगळं विचारा.

पहिल्या काही दिवसांत घरी आलेल्या पेशंटची नाडी १२० च्या वर गेली, ताप आला, धाप लागली, डावा खांदा दुखायला लागला, तर ते गॅसेस समजून इंजेक्शन देऊन घरी पाठवू नका. टाक्यांतून गळती सुरू झाल्याचं पहिलं चिन्ह कित्येकदा नुसती वाढलेली नाडी असतं, पोट मऊच लागतं. त्याच रात्री ऑपरेशनच्या ठिकाणी पाठवा. आणि बायपास होऊन दोन-तीन वर्षं झालेला माणूस जेवणानंतर पोटात पिळवटून येतं, थोड्या वेळानं थांबतं, असं सांगत असेल, तर आतड्याचा पीळ किंवा आतल्या आत हर्निया असू शकतो. एक्स-रे साफ आला तरी समाधान मानू नका. सीटी स्कॅन आणि सर्जन, दोन्ही हवेत.

गोळ्यांचं तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता, पण दोन गोष्टी पुन्हा पुन्हा पाहिल्यात म्हणून लिहिते. शुगरच्या औषधांची गरज ऑपरेशननंतर काही दिवसांतच घटते. पेशंट जुन्या चिठ्ठीवर ग्लिमेपिराइड चालू ठेवतो आणि पहाटे घामाघूम होऊन पडतो. इन्सुलिनचंही तसंच. बीपीची गोळी, त्यातही लघवी वाढवणारी, पाणी कमी पिणाऱ्या माणसाला चक्कर आणते. तेव्हा पहिला महिनाभर आठवड्यातून एकदा तरी त्याला बोलवा. दुसरी गोष्ट गर्भधारणेची. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि वर्षानुवर्षं मूल न झालेल्या बाईला दिवस राहू शकतात. आनंदाचीच गोष्ट, पण पहिले बारा ते अठरा महिने थांबणं आईच्या आणि बाळाच्या भल्याचं असतं. बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर भिस्त ठेवता येत नाही, तांबी वगैरे दुसरा उपाय सुचवा. आणि पुढं दिवस राहिल्यावर शुगर तपासायला ग्लुकोजचं पाणी पाजू नका. बायपासवाल्या बाईला त्यानं धडधड, घाम आणि जुलाब होतात. घरी ग्लुकोमीटरवर आठवडाभर शुगर बघितली तरी अंदाज येतो.

बी-१२ बद्दल मला पोटतिडकीनं सांगायचं आहे. आपल्या भागातली जैन आणि लिंगायत घरं अंडंही खात नाहीत, त्यामुळं बी-१२ मुळातच कमी. वरून शुगरची मेटफॉर्मिन, वरून ॲसिडिटीची गोळी, आणि आता जठरच लहान झालेलं. हातापायाला मुंग्या येतात, पाय कापसावर पडल्यासारखे वाटतात, विसराळूपणा येतो, आणि घरात म्हणतात वय झालं. बायपासनंतर ही कमतरता जन्मभर भरत राहावी लागते, इंजेक्शनानं किंवा मोठ्या मात्रेच्या गोळीनं. त्यासोबत मल्टिव्हिटॅमिन, डी-३, लोह आणि कॅल्शियम. कॅल्शियम सायट्रेट असेल तर उत्तम, कारण कार्बोनेटला पचायला आम्ल लागतं आणि तेच आता कमी झालेलं असतं. लोह आणि कॅल्शियम दोन तासांच्या अंतरानं घ्यायचं, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. पहिल्या वर्षी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, पुढं दरवर्षी रक्त तपासायचं. हिमोग्लोबिनवर थांबू नका, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, डी, कॅल्शियम, अल्ब्युमिन बघा. दोन वर्षांनी “आता बरं वाटतंय” म्हणून गोळ्या बंद केलेले पेशंट मी दर महिन्याला बघते, आणि बंद करायचा सल्ला कधी शेजारणीनं दिलेला असतो, कधी दवाखान्यातच मिळालेला असतो.

खाण्याचं काम माझं. पण प्रश्न तुम्हालाही विचारतात, म्हणून थोडक्यात लिहिते. सुरुवातीला पातळ, मग मऊ घोटलेलं, महिना-दीड महिन्यानं नेहमीचं, वाटीभरच. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं. अंडं खाणाऱ्याला हे जमतं. एका अंड्यात ६ ग्रॅम. न खाणाऱ्याला ताक-दही, पनीर, घट्ट डाळ, मोड आलेल्या मटकीची उसळ असं सगळं मोजूनमापून जमवावं लागतं आणि तरीही बहुधा पावडरची जोड लागते. ताटात आधी उसळ, मग भाजी, आणि जागा उरली तरच जोंधळ्याच्या भाकरीचा चतकोर. जेवताना पाणी नाही. गाळपाच्या दिवसांत पाहुण्याच्या गुऱ्हाळावर उसाच्या रसाचा पेला पुढं येतो, लग्नात कुंदा येतो. बायपासवाल्यानं तो घेतला तर पंधरा मिनिटांत घाम, धडधड, पोटात मुरडा. हे ज्याला आधी सांगितलेलं असतं तो घाबरत नाही, निमूट आडवा होतो. ज्याला सांगितलेलं नसतं त्याला हार्ट अटॅक आला म्हणून मध्यरात्री तुमच्याकडे आणतात. केस गळण्याचंही असंच. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात, प्रथिनं आणि लोह नीट असेल तर परत येतात. पण आधी न सांगितल्यामुळं कितीतरी बायका खचून जातात आणि भेटेल त्या बाईला सांगतात, ऑपरेशन करू नको गं.

काही वर्षांनी थोडं वजन परत येतं, बऱ्याच जणांचं. तेव्हा “एवढे पैसे घातले आणि काय झालं?” असं त्यांना घरात ऐकावं लागतं. दवाखान्यात तरी ऐकावं लागू नये. आजार जुना आहे, तो डोकं वर काढतो, आणि त्यावर पुन्हा उपचार असतात: आहार बघणं, औषध देणं, क्वचित दुसरं ऑपरेशन.

औषधाचं नाव निघालंच आहे. २०२५ पासून टिर्झेपॅटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड आपल्या देशात मिळू लागलं. चांगली औषधं आहेत. टिर्झेपॅटाइडच्या मोठ्या मात्रेनं दीड वर्षाच्या आत सरासरी २० टक्क्यांपर्यंत वजन उतरल्याचं दिसलं आहे. पण सेमाग्लुटाइड थांबवलेल्यांचं उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश वजन वर्षभरात परत आलं. म्हणजे हीही जन्मभराची गोष्ट, आणि खर्च दरमहा. कुणाला इंजेक्शन बरं, कुणाला ऑपरेशन, कुणाला आधी एक मग दुसरं, हे माणूस बघून ठरवायचं. मेडिकलच्या काउंटरवर चिठ्ठीविना ते विकलं जाऊ नये, यासाठी तुम्ही तुमच्या गावात बोललात तर दुकानदार ऐकतात.

पैशाबद्दल दोन शब्द. ऑपरेशनचा खर्च लाखांत जातो. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत लठ्ठपणावरचे उपचार सरसकट वगळलेले असतात असा समज आहे, पण विमा नियामकाच्या ठरीव शब्दांत अपवाद आहे: वय १८ च्या पुढं, बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र आजार किंवा आटोक्यात न येणारी शुगर यांसारखा आजार, आधीचे साधे उपाय फसलेले, आणि डॉक्टरचा सल्ला. आधीचे उपाय फसल्याचा पुरावा कुठं असतो? तुमच्या जुन्या चिठ्ठ्यांत. दर वेळी वजन आणि तारीख लिहिलेली असेल तर क्लेम उभा राहतो, नसेल तर पडतो. कृपया दर भेटीत वजन लिहा.

सरकारी योजनांचं आपल्या भागात आणखीच अवघड. इकडे आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक, तिकडून महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ८६५ सीमागावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा निर्णय घेतला, त्यावरून दोन सरकारांत वाद झाला. त्या वादात मला पडायचं नाही. पण ज्या बाईचा श्वास रात्री अडकतो तिनं दोन राज्यांच्या कचेऱ्यांत या ऑपरेशनला मान्यता आहे का, कुठल्या हॉस्पिटलात, कुठल्या अटींवर, असं विचारत का फिरावं? तुमच्या तालुका संघटनेनं दोन्हीकडे लेखी विचारावं आणि आलेलं उत्तर मराठीत व कानडीत दवाखान्यात लावावं. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटकचं अधिवेशन भरतं, सगळे आमदार आपल्याच गावात असतात. तुमच्या संघटनेचं निवेदन कुणी नाकारणार नाही. त्यात एक मागणी जरूर घाला: जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक दिवस ऑपरेशन झालेल्या पेशंटची तपासणी, फेरिटिन आणि बी-१२ सह, मोफत.

आणि भाषा. संमतीपत्र इंग्रजीत असतं, डिस्चार्जचा कागद इंग्रजीत, गोळ्यांची यादी इंग्रजीत. शेवटी “फॉलोअप विथ डाएटिशियन” एवढी एक ओळ. सही करणाऱ्याला आपलं जठर कायमचं काढलं जाणार आहे हे सही केल्यावर कळल्याचं मी पेशंटच्या तोंडून ऐकलं आहे. तुम्ही पेशंटला पाठवताना त्याच्याच भाषेत पंधरा मिनिटं बोललात तर तो तिथं जाऊन नीट प्रश्न तरी विचारेल.

मी दोन्ही भाषांत एक कागद तयार केला आहे. मागच्या बाजूला पेशंटच्या खिशात ठेवायचं कार्ड: कुठलं ऑपरेशन, कधी, सर्जनचा फोन, “डायक्लोफेनॅक देऊ नका”, “ग्लुकोजआधी थायमिन द्या”. छापायचा खर्च फार नाही. तुमच्या तालुक्याच्या मासिक बैठकीत अर्धा तास दिलात तर मी येईन, खानापूर असो की अथणी. कागदात काही चुकत असेल तर तिथंच दुरुस्त करू, आणि तुमच्यापैकी कुणाकडे असे पेशंट असतील तर त्यांचीही एक यादी करायला घेऊ, कारण आज या भागात ऑपरेशन झालेली माणसं किती आणि ती कुठं आहेत हे कुणालाच सांगता येत नाही.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक आहारतज्ज्ञ